तिळगुळाच्या पुडीतले चिंतोपंत

मिसिसागाच्या मराठी बायकांत जयंतीबाई करंदीकरांची ओळख दोन गोष्टींसाठी होती. एक, त्यांच्या हातची सुरळीची वडी कधी तुटत नसे. दोन, त्यांना बेसबॉल कळत असे. पहिलीबद्दल आदर होता, दुसरीबद्दल कुजबुज.

वय अठ्ठावन्न, उंची पाच फुटाला दोन बोटं कमी. पंचाहत्तर साली लग्न होऊन सांगलीहून कॅनडात आल्या आणि तीस वर्षं एका इस्पितळाच्या लॅबमध्ये लोकांचं रक्त तपासत बसल्या. त्या लॅबमध्ये रेडिओ लावायची पद्धत होती आणि रेडिओवर उन्हाळाभर बेसबॉल. पहिली दहा वर्षं तो आवाज त्यांना फ्रिजच्या घरघरीइतकाच ऐकू येई. मग एके दिवशी मायक्रोस्कोपला डोळा लावलेला असतानाच त्या म्हणाल्या, की ह्या पिचरला, चेंडू टाकणाऱ्याला, आता बसवा, त्याचा खांदा भरून आलाय. पाचव्या मिनिटाला संघाच्या मॅनेजरने पिचर बदलला. लॅबमधले सगळे वळून त्यांच्याकडे बघायला लागले. आपल्याला हे कळतं, हे जयंतीबाईंनाही त्याच दिवशी कळलं.

ब्याण्णव साली टोरांटोचा संघ जगज्जेता झाला आणि त्र्याण्णव साली पुन्हा झाला. दुसऱ्यांदा जिंकला तो दसऱ्याच्या आदल्या दिवशी. दुसऱ्या दिवशी जयंतीबाई ज्याच्या हातात सोनं ठेवत त्याला आधी स्कोअर सांगत. त्यानंतर आठवड्याने, मुलं दारोदार चॉकलेटं मागत फिरतात तो हॅलोवीन आला. त्यांची चैत्राली तेव्हा नऊ वर्षांची. गल्लीतल्या एका उत्साही घराने त्या वर्षी मुलांना चॉकलेटऐवजी संघातल्या खेळाडूंच्या कार्डांची पाकिटं वाटली. चैत्राली पाकीट आपटत, रडत घरी आली. जयंतीबाईंनी चॉकलेटचा अख्खा डबा तिच्यापुढे ठेवला आणि पाकीट स्वतःच्या पर्समध्ये टाकलं. तिथून हे सुरू झालं.

जिंकलेल्या संघात पंचवीस जण होते. पंचवीसच्या पंचवीस जमवायचे, असं त्यांनी ठरवलं, आणि त्याला एक नियम घातला. कार्ड बंद पाकिटात निघालं तर चालेल, कुणाशी अदलाबदल केली तर चालेल, कुठे सापडलं तर फारच उत्तम. पण दुकानात जाऊन बोट दाखवून, ‘तो द्या हो,’ असं म्हणायचं नाही. त्यांचे यजमान दिलीपराव हे निवृत्त इंजिनियर. एका स्ट्रिप मॉलमध्ये सुटी कार्डं काचेखाली मांडून ठेवलेली त्यांनी स्वतः पाहिली होती. पुढे इंटरनेट आलं तेव्हा त्यावर तर दोन मिनिटांचं काम, हेही त्यांनी सांगून पाहिलं.

“मग तो जमवलेला नाही, मागवलेला,” जयंतीबाई म्हणाल्या, आणि विषय मिटला.

प्रत्येक खेळाडूला त्यांनी आपलं घरगुती नाव दिलं होतं. एक मिशाळ, एक बाळसेदार, एक मामंजी. जयंतीबाई कार्डांचा अल्बम उघडून बसल्या की दिलीपराव म्हणत, बसली सासरची मंडळी. पंधरा वर्षांत चोवीस जण जमले. राहिले ते एकटे चिंतोपंत. हे राखीव खेळाडू. मैदानावर क्वचित, बाकावर कायम. टीव्हीवर कॅमेरा बाकाकडे वळला की ग्लोव्हची दोरी दातांत धरून, घरी दूध उतू गेल्यासारखा चेहरा करून ते बसलेले असत. त्यांचं खरं नाव लोक विसरून गेले. जयंतीबाई मात्र अल्बमचं शेवटचं पान उघडत, तिथला रिकामा कप्पा पुसत आणि अल्बम मिटत.

दोन हजार आठच्या संक्रांतीचं हळदीकुंकू सुमेधा बापटांकडे होतं, रिचमंड हिलला. सुमेधाबाईंना काहीही टाकून देणं म्हणजे पाप वाटे. आता मोठं घर विकून त्या कॉन्डोतल्या फ्लॅटमध्ये राहायला जाणार होत्या, म्हणून बेसमेंट उपसणं चाललं होतं. हळदीकुंकवाला एकतीस बायका आल्या. प्रत्येकीला वाण म्हणून स्टीलचा चमचा आणि लाल रिबिनीने बांधलेली तिळाच्या वड्यांची चपटी पुडी.

परत जाताना गाडी हायवेला लागायच्या आतच जयंतीबाईंनी पुडी सोडली. वड्यांच्या मागून मिशाळ त्यांच्याकडे बघून हसत होता.

“गाडी मागे घ्या,” त्या म्हणाल्या.

दिलीपरावांना वाटलं चपला बदलल्या. सुमेधाबाईंनी दार उघडलं तेव्हा त्यांनाही तेच वाटलं. उंबऱ्यात उभ्या उभ्याच जयंतीबाईंनी सगळं काढून घेतलं. वड्या पातळ पडल्या होत्या, पुडीत वाकत होत्या, म्हणून पाठीला काहीतरी टणक हवं होतं. बेसमेंटमध्ये मुलाचा, ऋषीचा, लहानपणचा बुटांचा खोका निघाला, त्यात हीच कार्डं. ऋषी आता व्हँकूव्हरला, फोनवर म्हणाला, “मॉम, जस्ट टॉस इट.” टाकून कसलं द्यायचं, चांगले गुळगुळीत पुठ्ठे होते. एकतीस पुड्यांना एकतीस लागले, उरलेले रिसायकलिंगमध्ये गेले आणि रिसायकलिंगचा ट्रक सकाळीच येऊन गेला.

जयंतीबाईंनी चौकटीला हात टेकला.

“त्यात एक तोंड पाडून बसलेला होता का गं? दातात दोरी धरलेला?”

“होता की. अगदी आमच्या ह्यांच्यासारखा,” सुमेधाबाई म्हणाल्या. “त्याच्याकडे बघून मला इतकं वाईट वाटलं, की त्याच्या पुडीत मी चारच्या जागी पाच वड्या घातल्या.”

“कुणाला दिलीस ती?”

“मी काय पुड्यांवर नावं घातली होती? आणि हे बघ जयंती, दिलेलं वाण परत मागायचं नसतं हं. माझ्या घरचं तर अजिबात नाही.”

हा पेच होता. वाण परत मागायचं नसतं, हे जयंतीबाईंनाही मान्य होतं. पण वाणाच्या बदल्यात वाण द्यायला कोणत्या शास्त्राने अडवलंय? रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू चालतं. म्हणजे हातात चार आठवडे होते. त्यांनी कपाटातल्या न वापरलेल्या स्टीलच्या वाट्या मोजून बाहेर काढल्या आणि सोमवारी सकाळी फोन हातात घेतला.

चेहऱ्याचं वर्णन करून काही उपयोग होईना. बायकांना सगळेच टोपीवाले सारखे दिसत. शोभा दातारांनी वड्या गाडीतच संपवल्या होत्या आणि कार्डाने काचेवरचं बर्फ खरवडलं होतं. नीलिमाने पोथीत खूण घातली होती, आणि खुणेचा तो माणूस हसतो की रडतो हे तिला आंघोळ केल्याशिवाय बघता येत नव्हतं. अरुणाबाईंनी टेबलाचा लंगडा पाय सावरला होता. तिकडून त्यांनी टेबल उचलून धरल्याचे, धापा टाकल्याचे आवाज आले आणि मग उत्तर आलं, की हा फारच आनंदात आहे हो. ते चिंतोपंत नव्हेत, जयंतीबाईंनी सांगितलं. ठेवा टेबल खाली.

मग त्यांनी युक्ती केली. चेहरा विचारायचा नाही, वड्या विचारायच्या. किती होत्या, चार की पाच?

इथे त्या चुकल्या. पहिल्या सहा जणींनी चार सांगितलं आणि फोन ठेवल्या ठेवल्या एकमेकींना लावला. कुणाला तरी पाच मिळाल्यात, ही बातमी दुपारपर्यंत मिल्टनपासून रिचमंड हिलपर्यंत गेली. शोभाबाईंना तीनच आठवायला लागल्या. सुमेधाने माणसं बघून पुड्या बांधल्या, असंही कुणीतरी म्हणालं. बुधवारी स्वतः सुमेधाबाईंचा फोन आला. बत्तीस वर्षांत आपल्याला कुणी आखडत्या हाताची म्हटलं नव्हतं, असं त्या म्हणाल्या. हे काही खरं नव्हतं, पण सांगायची ती वेळ नव्हती. जयंतीबाईंनी माफी मागितली, एकवीस वड्यांचा डबा पाठवते म्हणाल्या, आणि फोन ठेवून इतक्या हसल्या, की दिलीपरावांनी पाण्याचा पेला आणून दिला. जयंतीबाईंना हे सगळं आवडायला लागलं होतं. पंधरा वर्षं ज्या बायका बेसबॉल म्हटलं की ताटातल्या कोशिंबिरीकडे बघत, त्या आता आपापल्या फ्रिजसमोर उभ्या राहून एकमेकींना विचारत होत्या, तुझा डावखुरा आहे की उजवा?

शुक्रवारपर्यंत एकोणतीस पुड्यांचा हिशेब लागला. शनिवारी सकाळी अनोळखी नंबरवरून फोन आला.

“काकू, मी जाई बोलते, मिल्टनहून. मी शेजारच्यांसोबत आली होती हळदीकुंकवाला. माझ्या पुडीत पाच होत्या. मला भीती वाटून राहिली की मोजण्यात चूक झाली असंन आणि माझ्यामुळे भांडण लागलं.”

“आणि मागे पुठ्ठा?” जयंतीबाईंनी विचारलं.

“आहे ना. फ्रिजवर लावला. दोरी चावून राहिला.”

तासाभरात दिलीपरावांची गाडी हायवेवर होती. बर्फ भुरभुरत होतं. दिलीपराव म्हणाले, की हे उद्याही होऊ शकलं असतं, आणि त्यावर मिळालेल्या नजरेनंतर त्यांनी गाडीचा वेग वाढवला. जयंतीबाईंच्या मांडीवर पिशवी होती. पिशवीत वाटी, हळदकुंकू, एकवीसमधून वाचवलेल्या सहा वड्या आणि अल्बम. अल्बम कशाला, असं विचारायची सोय नव्हती. कार्ड मिळालं की तिथल्या तिथे कप्प्यात घालायचं होतं. घरापर्यंत धीर कुणाला?

मिल्टनच्या त्या नव्या वसाहतीत सगळी घरं एका साच्यातली. नंबर शोधत तीनदा चकरा झाल्या. बायकांच्या हळदीकुंकवात आपण येणार नाही, दहा मिनिटांत ये, असं म्हणून दिलीपराव गाडीतच रेडिओ लावून बसले.

जाई सव्वीस-सत्तावीसची, नागपूरची. सहा महिन्यांपूर्वी आलेली. नवरा निमिष सॉफ्टवेअरमधला, कामासाठी आठवडाभर ओटावाला, आणि बसचा थांबा घरापासून दीड किलोमीटरवर. घरात सोफा होता, टीव्ही होता, बाकी भिंती. जयंतीबाईंनी कुंकू लावलं, वाटी दिली, चहा घेतला, हवापाणी झालं. सगळं रीतसर केलं, पण डोळे फ्रिजवर. चिंतोपंत संत्र्याच्या आकाराच्या चुंबकाखाली होते. कोपरे शाबूत होते. पंधरा वर्षांची चिंता चेहऱ्यावर जशीच्या तशी होती.

मग त्यांनी अल्बम उघडला आणि सगळं सांगितलं. चोवीस जण, रिकामा कप्पा, आणि नियमसुद्धा. वाणाच्या बदल्यात वाण आणलंय, म्हणून सांगितलं. जाईने एकेक पान नीट बघितलं. मग ती फ्रिजपाशी जाऊन उभी राहिली.

“काकू, दुसरं काहीही मागा. मी दिवसभर याच्याशीच बोलते. भाजीत मीठ जास्त झालं तर हाच आधी घाबरतो.”

 वाटीच्या जागी जयंतीबाईंनी डबा देऊ केला, डब्याच्या जागी मिशाळ देऊ केला. तो त्यांच्याकडे आता दोनदा होता. जाईने मिशाळाकडे पाहिलं. हा फारच खुशीत आहे, आपलं नाही जमायचं, असं तिचं मत पडलं.

“आणि तुम्हीच म्हणता ना, मागवलेलं चालत नाही? मग मागितलेलं कसं चालंन?” जाई म्हणाली. “जिंकून न्या.”

“म्हणजे कसं?”

“ह्या अल्बमवाल्यांच्या खेळात. मला नाही येत. पण मामेभावांसोबत लहानपणी लय क्रिकेट खेळली मी. तुम्ही टाका, मी मारते. मारलं तर हा माझा.”

खरं तर नको म्हणायला हवं होतं. पण जयंतीबाईंनी अल्बम मिटून बाजूला ठेवला होता. आयुष्यात त्यांनी बेसबॉल हजारो तास ऐकला आणि पाहिला होता. एक चेंडू कधी टाकलेला नव्हता.

बेसमेंट अजून बांधून व्हायचं होतं. खाली कोरं सिमेंट, वर उघड्या तुळया. चेंडू म्हणून निमिषचे लोकरीचे मोजे एकात एक कोंबून गोळा केला. पोळपाट जमिनीवर ठेवला. मारणारीने तिथे उभं राहायचं. घर तापवायची भट्टी म्हणजे फर्नेस हा पहिला बेस, पाणी तापवायची टाकी दुसरा, आणि सामानाचा न उघडलेला खोका तिसरा. तीन फटके हुकले की जाई बाद आणि चिंतोपंत मिसिसागाला. खोक्यांच्या पलीकडे मारलं तर होमरन. मग तिन्ही बेसना हात लावून पोळपाटावर परत यायचं, आणि चिंतोपंत मिल्टनला. राहता राहिली बॅट. लाटणं तोकडं पडलं. जयंतीबाई कोट न घालता बाहेर गेल्या, गाडीचं मागचं दार उघडलं, बर्फ झाडायचा लांब दांड्याचा ब्रश उचलला आणि परत आत गेल्या. दिलीपरावांनी रेडिओचा आवाज कमी केला, बंद दाराकडे पाहिलं आणि परत मोठा केला.

पहिला चेंडू जयंतीबाईंनी टाकला तो तुळईवर आपटून त्यांच्याच डोक्यावर पडला. तो धरायचा नाही, असं ठरलं. दुसरा बरा गेला. जाईने क्रिकेटसारखा पुढे पाय टाकून ब्रश फिरवला आणि मोजे तिच्या कोपराखालून निघून गेले. एक हुकला. जयंतीबाईंनी पदर खोचला. इतकी वर्षं त्यांनी ज्यांचे खांदे पारखले होते ते सगळे पिचर त्यांना आठवायला लागले. गुडघा वर घेतात तो कशाला, हे एकदम समजलं. त्यांनीही घेतला, जमेल तितका. मोजे नेमके पोळपाटावरून गेले, जाईचा ब्रश उशिरा फिरला. दोन.

एवढ्यात बाहेर हॉर्न वाजला. जयंतीबाईंना धाप लागली होती, कपाळावरचं कुंकू घामाने नाकाच्या शेंड्यापर्यंत आलं होतं. जाईने त्यांच्याकडे एकवार नीट पाहिलं. तिसरा चेंडू ढोकळ्यासारखा मऊ, सरळ, हळू आला. कुणीही मारला असता. जाईने ब्रश त्याच्यावरून हातभर उंच फिरवला.

“घ्या काकू,” ती म्हणाली. “जिंकल्या तुम्ही.”

वरच्या मजल्यावर फ्रिजची घरघर चालू होती. तिथे जायचं, संत्र्याचं चुंबक काढायचं, की पंचवीस. जयंतीबाई जिन्याच्या पहिल्या पायरीपर्यंत गेल्यासुद्धा. मग थांबल्या. कुणाचा खांदा दुखतोय, कुणाला मारायचंय आणि कुणाला नुसतंच मारल्यासारखं दाखवायचंय, एवढं एकच त्यांना ह्या खेळातलं नक्की कळत होतं.

“मुद्दाम सोडलास,” त्या म्हणाल्या.

“नाही हो काकू.”

“अगं, तू चेंडूकडे बघतच नव्हतीस. माझ्याकडे बघत होतीस. हा धरायचा नाही.” त्यांनी मोजे उचलले, घट्ट वळले. “पोळपाटाजवळ जा. आणि म्हातारी म्हणून कीव करशील तर सुमेधाकडे तुझं नाव सांगेन, पाच वड्यांवाली म्हणून.”

जाई हसायला लागली, पण पोळपाटापाशी गेली. ब्रश दोन्ही हातांनी धरला. ह्या वेळी तिने चेंडूकडे पाहिलं. जयंतीबाईंनी अंगात होतं नव्हतं ते सगळं लावून मोजे फेकले. इतका चांगला चेंडू त्यांनी त्या दिवसात टाकला नव्हता, म्हणजे आयुष्यातच टाकला नव्हता.

ठप्प.

मोजे टाकीच्या वरून, तुळईच्या खालून, खोक्यांच्या पलीकडे अंधारात गेले ते परत दिसलेच नाहीत. जाई ब्रश हातात घेऊन तशीच उभी. जयंतीबाईंना क्षणभर रिकामा कप्पा दिसला. तो पुढेही रिकामाच राहणार होता, आणि त्यांच्या छातीतून जी आरोळी निघाली ती मात्र त्र्याण्णव सालच्या दसऱ्याच्या आदल्या दिवशीही निघाली नव्हती. तेव्हा चैत्राली झोपलेली होती.

“पळ,” त्या ओरडल्या. “अगं, बघत काय बसलीस, फर्नेस, फर्नेस. हात लाव. आता टाकी.” जाई पळायला लागली. ती चुकून सरळ खोक्याकडे निघाली तशी जयंतीबाईंनी तिला दंडाला धरून वळवलं आणि स्वतःही तिच्यामागे धावू लागल्या.

जिन्यावर बुटांचा आवाज आला. टोपीवर, भुवयांवर बर्फ घेऊन दिलीपराव उभे होते. दहा मिनिटांचा पाऊण तास झाला होता. काचेवर बर्फाचा थर बसून गाडी दिसेनाशी झाली होती आणि ते आपला ब्रश न्यायला आले होते. तो पोळपाटाशेजारी पडला होता. त्यांची बायको सिमेंटवरून साडी गुडघ्यापर्यंत उचलून पळत होती.

“मिळालं का कार्ड?” त्यांनी विचारलं.

“नाही,” जयंतीबाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा नुसता फुलून आला होता. “बाजूला व्हा आधी, जिन्यात उभे राहू नका. तिचा तिसरा बेस राहिलाय.”